रंभा आपल्या लेकराशी बोलत नव्हती

रंभाच्या क्वार्टरवरून दिवसा जाताना वाटायचं, इथं कोणी राहत नाही. दार लोटलेलं, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा, आतून भांड्याचाही आवाज नाही. दोरीवर मात्र कपडे वाळत असायचे. एक जाड निळा शर्ट, एक लुगडं आणि एक इवलासा झगा. म्हणजे माणसं तीन होती.

एरवी भिलाईच्या सेक्टर सहामध्ये गोंगाटाला तोटा नव्हता. साल एकसष्ट. एकीकडे क्वार्टरं उठत होती, दुसरीकडे रस्त्यावर गिट्टी पडत होती, आणि कुठून कुठून माणसं येऊन राहिली होती. आमच्या एका हाताला पंजाबी, दुसऱ्या हाताला तेलुगू, समोर बंगाली. सगळ्यांची हिंदी निराळी, आणि कोणाचीच धड नाही. आमचे हे पोलादाच्या कारखान्याच्या कचेरीत कारकून. मी लग्नाआधी नागपूरला बालशिक्षणाचा वर्ग पुरा केला होता, म्हणून ओळीतल्या बायकांनी मिळून एका व्हरांड्यात बालमंदिर काढलं तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, ह्यांचा डबा भरायचा आणि मुलं गोळा करायला निघायचं, असा माझा दिवस.

एका सकाळी रंभा पोरीला घेऊन आली आणि व्हरांड्याच्या पायरीखालीच उभी राहिली. अंगानं किडकिडीत, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. वय असेल बाविसेक.

"वर ये की," मी म्हटलं. "नाव काय गं बाळ तुझं?"

उत्तर रंभानं दिलं, तेही जमिनीकडे बघत. "मथुरा. पन थे बोलत नाही जी बाई."

"लाजते का?"

"नाही जी. बोलतच नाही. चार वर्साची झाली. डागदरनं कान पाह्यले, जीभ पाह्यली. सारं बराबर हाये म्हने."

मराठी ऐकून मला बरं वाटलं. मी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" ती म्हणाली, साकोलीकडच्या. एवढं बोलून तिनं पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि वळली. जाताना पोरीला 'नीट राहा' म्हटलं नाही, 'येते' म्हटलं नाही. नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला, तोही इकडंतिकडं बघून, चोरून घेतल्यासारखा.

मथुरा मुकी नव्हती, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मागून हाक मारली की वळायची. लाल ठोकळा मागितला की लाल ठोकळाच आणून द्यायची. कारखान्याचा भोंगा झाला की हातातलं खेळणं खाली ठेवायची. फक्त तोंडातून शब्द काढायची नाही.

आमच्या वर्गाला वझलवारबाई म्हणून एक बाई मुलांचं मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांनी आम्हाला मुलांकडे बघायच्या दोन-तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. एका मताचे लोक म्हणतात, मूल म्हणजे सवयींचं गाठोडं. चांगलं वागलं की लगेच शाबासकी द्या, खाऊ द्या, म्हणजे ती गोष्ट ते पुन्हा करतं. मी फुटाणे घेऊन बसले. तोंडातून नुसता 'हं' आला तरी फुटाणा. मथुरानं 'हं' केलं नाही. इतर मुलं मात्र दिवसभर 'हं हं' करत माझ्याभोवती फिरू लागली. पंजाब्यांचा बिट्टू तर फुटाण्यांसाठी गायीसारखा हंबरायचा. शेवटी मी मथुराला असेच मूठभर दिले, तर तिनं त्यातले निम्मे शेजारच्या पोरीच्या ओच्यात टाकले.

दुसरं मत असं की प्रत्येक गोष्टीला वय असतं. झाडाला ओढून फूल येत नाही, मुलालाही ओढू नये. मी ओढलं नाही. पावसाळा सरत आला. फूल काही आलं नाही.

तिसरी गोष्ट वझलवारबाई पुन्हा पुन्हा सांगायच्या. मूल घरातलं सगळं खेळात मांडतं; त्याला विचारू नका, त्याचा खेळ बघा. एक दिवस मुलं भातुकली मांडून बसली होती. नुसता कलकलाट. बंगाल्यांची पोर चिंध्यांच्या बाहुलीला रागवत होती, बिट्टू बाप होऊन हुकूम सोडत होता. मथुरा कोपऱ्यात एकटी. तिनं ठोकळ्यांचं घर केलं, त्यात एक बाहुली आडवी ठेवली, वर रुमाल पांघरला. मग दोन बाहुल्या, एक मोठी आणि एक छोटी, भिंतीला टेकवून बसवल्या. आणि स्वतः त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. खेळ एवढाच. बाकीच्यांची दोन लग्नं आणि एक बारसं होऊन गेलं, तरी ह्या दोन बाहुल्या भिंतीशी गप्प बसलेल्या. मध्येच बिट्टूची आरोळी आली तेव्हा मथुरानं ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे असं बघितलं की तो दांडगा पोरगाही दबकला.

त्याच सुमारास तिचा बाप तेजराम माझ्याकडे आला. ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवायच्या भट्टीवर, काम करायचा. संध्याकाळची वेळ, रातपाळीला निघालेला, सायकलच्या दांडीला डबा. माणूस सरळ होता.

"बाई, बोलन का हो पोट्टी?"

"बोलेल. थोडा वेळ द्या."

"मायनं सांगावा धाडला हाये. कोजागिरीले येतो म्हने, पोट्टीले गावाले नेतो. थ्या घरात मानसंच मानसं हायेत. माही भावजय, तिचे लेकरं, बुढी सोता. तिकडं बोलाले लागन." मग म्हणाला, "कोजागिरीपावतर बोलली त ठीक. नाही त मी बी म्हनतो, जाऊ द्या. तिचं जिनं कावून खराब कराचं?"

"आणि रंभा? ती पण जाईल?"

"थे गेली त माहा डबा कोन करन? मी रातपाळीचा मानूस. दिवसा झोप झाली नाही त भट्टीपाशी तोल जाते बाई. एकाचा गेला होता."

खरं सांगते, मला त्याचं पटत होतं. भरल्या घरात मूल बोलायला लागतं, हे मी शिकलेच होते. पण त्याच वर्गात हेही शिकले होते की एवढ्या वयाचं मूल आईपासून तोडलं तर ते आतून मिटतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईंनी, एकाच फळ्यापुढे उभं राहून सांगितलेल्या. आता ह्या पोरीला कोणती लावायची, ते फळ्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलं पोचवून मी रंभाकडे गेले. तिनं दार किलकिलं केलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, हळू. आतल्या खोलीत तेजराम झोपलेला. आम्ही मागच्या अंगणात बसलो. रंभा मथुराला भात भरवत होती. घास कालवायचा, त्यातला खडा बोटानं चाचपायचा, गोळा करून तोंडाशी न्यायचा, ओठांशी लागलेलं शीत आपल्या तोंडात टाकायचं. इतक्या मायेनं भरवणारी आई मी कमी पाहिली. पण सबंध ताट संपेपर्यंत तिनं 'घे' म्हटलं नाही, की 'आऽ कर' म्हटलं नाही. चिऊ नाही, काऊ नाही.

मथुरा हात धुवायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "रंभा, तू तिच्याशी बोलत का नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग ती लाजली आणि पदराआड हसली. "आपल्याच लेकरासंग? कशी बोलू जी! मोठे काय म्हनतीन?"

"इथं मोठं कोण आहे?"

रंभानं मान वर केली. अंगण पाहिलं, भिंत पाहिली, नळाखालची बादली पाहिली. किती तरी वेळ ती पाहत होती. मला वाटलं, भिलाईला आल्यापासून ती आज पहिल्यांदा आपलं घर बघते आहे.

मग ती सांगू लागली, थांबत थांबत. त्यांच्या घरी सून आपल्या लेकराचा लाड करत नाही. पाजायचं, धुवायचं, निजवायचं, पण सासरा अंगणात आला की लेकरू खाली ठेवायचं. लेकराशी बोलते ती आजी, काकी, आत्या. जावेचं लेकरू आपण खेळवायचं, आपलं लेकरू जाऊ खेळवते. त्यात कोणाला कमी पडत नाही. आणि जी बाई आपल्याच लेकराला 'राजा, सोन्या' करते, तिला लोक हसतात. नजरही लागते.

"लागली होती मले," ती म्हणाली. मथुराच्या आधीचा मुलगा होता तिला. एकदा अंगणात कोणी नाही पाहून तिनं त्याला मोठ्यानं 'माह्या राजा' म्हणून उचललं. जावेनं ऐकलं. त्याच आठवड्यात त्याला ताप आला आणि तो गेला. कोणी तिला तोंडावर बोललं नाही. पण तेव्हापासून रंभाला शहाणपण आलं, असं ती म्हणाली. शहाणपणच म्हणाली.

पुढं तेजरामला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. रंभा लेकरू कडेवर घेऊन आली आणि घरची रीत बरोबर घेऊन आली. आजी, काकी, आत्या तेवढ्या मागे राहिल्या. शेजारच्या सरदारणीची भाषा हिला येत नाही, हिची तिला कळत नाही. दिवसा नवरा झोपलेला, रात्री कामावर. वझलवारबाईंच्या शास्त्रात आई मुलाशी बोलते हे धरूनच चाललेलं होतं. न बोलणारी आई म्हणजे आटलेली किंवा निष्ठुर, असं त्यात होतं. रंभा दोन्ही नव्हती.

"ही गेली त मी कोनापाशी राहू जी?" तिनं विचारलं, आणि मथुरा परत आली तशी गप्प झाली.

मी तिला म्हटलं नाही की तुझी रीत चुकीची आहे. मूल गमावलेल्या बाईला असं सांगायला माझी जीभ धजली नसती. मी एवढंच विचारलं, "दुसऱ्याच्या लेकराशी बोललेलं चालतं ना?"

"त्याले का होते? चालते न."

"मग उद्यापासून बालमंदिरात ये. माझ्याकडे दुसऱ्यांचीच लेकरं आहेत."

ती आली. पहिला दिवस तिनं पाण्याच्या माठाशी काढला. दुसऱ्या दिवशी बिट्टू पडला, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. रंभानं त्याला उचललं आणि तिच्या तोंडाचा बांध फुटला. "काय झालं माह्या वाघा? कोनं पाडलं तुले? थ्या दगडानं? थांब, त्याले मारू आपन! मेला दगड, माह्या वाघाले पाडते!" बिट्टूला एक शब्द कळत नव्हता. पण तो रडायचा थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मीसुद्धा. इतकं गोड, इतकं भरभरून बोलणारी बाई इतकी वर्षं तोंड मिटून बसली होती. त्यानंतर रोज तेच. बंगाल्यांच्या पोरीची वेणी घालताना बोलणं, तेलुगू बाळाचं नाक पुसताना बोलणं. ही सगळी परप्रांतांतली मुलं महिन्याभरात 'काहो माय' म्हणायला लागली.

मथुरा हे सगळं दुरून बघायची. आईचा आवाज तिनं एवढा कधी ऐकलाच नव्हता. ती खेळेनाशी झाली. मग बिट्टूला ओरबाडू लागली, एकदा चावली. रंभा घाबरली. मी म्हटलं, "चावू दे. तिला हेवा वाटतो आहे." हेवा हे मायेचंच दुसरं तोंड असतं, हे आम्हाला शिकवलं होतं. मी बिट्टूच्या आईला साखर देऊन शांत केलं आणि वाट बघितली.

नवरात्राचे दिवस होते. बिट्टू रंभाच्या मांडीवर बसलेला, ती त्याला काही तरी सांगत होती. मथुरा उठली, सरळ चालत आली आणि दोन्ही हातांनी त्याला खाली ढकललं. आईच्या मांडीवर हात ठेवून ती म्हणाली, "माही."

जाडसर, न वापरलेला आवाज. मी मनात देवीला हात जोडले. रंभानं काय केलं असेल? तिनं पदर तोंडावर ओढला आणि पोरीला मांडीवर घेतलं. बोलली मात्र काही नाही. सगळ्यांसमोर आपल्या लेकराशी बोलायची तिची छाती झाली नाही.

त्यानंतर मथुरा बालमंदिरात शब्द शब्द बोलू लागली. पाणी दे, माहा ठोकळा, जाय तिकडं. मी तेजरामला सांगितलं. तो खूश झाला, पण त्यानं ऐकलं काहीच नव्हतं. "घरी त मुकीच हाये बाई," म्हणाला. त्याच्या घरात बोलणार कोण? आणि कोजागिरीला त्याची आई, भागीरथाबाई, येऊन थडकल्या.

रंभाची सासू म्हणजे दांडगी, हसरी, तोंडाळ बाई. आल्या आल्या नातीला उचलून तिनं सारा रस्ता जागा केला. "अवो माही मैना! बापानं तुले सिमिटाच्या डब्यात ठेवली व! डब्यातली पोट्टी कशी बोलन? लोनचं होते तिचं!" मला म्हणाली, "तुमी बाई शिकल्या-सवरल्या, पन पोट्टी पुस्तकानं नाही बोलत. पोट्टी बुढीनं बोलते." मला हसू आलं. खोटं काय होतं त्यात? ती बाई दिवसभर नातीशी बोलत होती, आणि रंभा सासूच्या घरातली सून होऊन पुन्हा चुलीशी गप्प झाली होती. आई गप्प झाली तशी मथुराही मिटली. आजीनं किती गुदगुल्या केल्या, गोष्टी सांगितल्या, एक शब्द नाही. मी सांगून पाहिलं की ही बोलते, मी ऐकलं आहे. भागीरथाबाई म्हणाल्या, "तुमचं मन मोठं जी, म्हून तुमाले आयकू येते."

निघायच्या दिवशी दाराशी सायकलरिक्षा उभी होती. दुर्गहून गोंदियाची पॅसेंजर गाठायची होती. मथुरा आजीच्या मांडीवर, पायाशी बोचकं. तेजराम सायकल धरून उभा. सरदारीण, बंगालीण, सगळ्या दारांत आल्या होत्या. रंभा उंबऱ्यात, पदर खाली ओढलेला. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

रिक्षावाल्यानं पाय पेडलवर ठेवला. आणि रंभानं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"मथुरा!"

सगळे वळले. सासूसमोर, नवऱ्यासमोर, अख्ख्या ओळीसमोर रंभा मोठ्यानं बोलत होती. "माही मैना, माह्या काळजाचा घड, उतर खाली. नको जाऊ मले सोडून. मी बोलीन तुयासंग. दिवसभर बोलीन. तुले गोष्ट सांगीन, तुह्या बापाले जाग आली त येऊ दे. उतर माय, उतर." इतकी भ्यालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आपण पुन्हा नजर लावून घेतो आहोत, आपल्या हातानं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मथुरानं आजीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग तिनं आईला विचारलं, "माय, आता बोलू का मी?"

तेजरामनं सायकल भिंतीला टेकवली आणि तोंड फिरवलं.

"बोलली!" भागीरथाबाई ओरडल्या. "बोलली व माही बाई!" त्यांनी नातीचे मुके घेतले, स्वतःच तिला रिक्षातून खाली उतरवलं. क्षणभर त्यांच्यासारखी सुखी बाई जगात नसेल. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. उघड्या डोक्यानं, भर रस्त्यात आपल्या लेकराला मैना म्हणणारी सून. चेहरा हळूहळू बदलला.

"मायले गरज नाही आता कोनाची," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बुढी कायले लागते? सारं घर एकलीच होते हे. चाल रे भाऊ." रिक्षा निघाली. तेजराम सायकलीवर मागोमाग गेला. रंभा पाया पडायला धावली होती, पण तोवर उशीर झाला होता.

भागीरथाबाई पुन्हा भिलाईला आल्या नाहीत. पुढच्या साली नणंदेचं लग्न निघालं, त्याचं बोलावणं एकट्या तेजरामला आलं. लग्नाच्या दिवशी रंभा बालमंदिरातही आली नाही. मी गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती आणि मथुराला सांगत होती, आता हळद लागत असन, आता वरात निंगाली असन, आता तुही आजी ओवाळत असन. पोर शेकडो प्रश्न विचारत होती. रंभा एकही प्रश्न टाळत नव्हती. तेजराम लग्नाला गेलेला, तरी सवयीनं आतल्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं होतं; दोघी कुजबुजतच बोलायच्या, पण बोलायच्या.

मथुरा मोठ्या शाळेत गेली तशी रंभा बालमंदिरात येईनाशी झाली. मी दोनदा बोलावलं. म्हणाली, "आता काय करू जी येऊन?" मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांच्या लेकरांशी बोलायची तिची गरज संपली होती, असं मी तेव्हा समजले.

मथुरा आता दहा वर्षांची आहे. वर्गात पहिली-दुसरी येते, भाषणात बक्षीस मिळवते. बोलते ती हिंदीत. मैत्रिणी घरी आल्या की आईला म्हणते, "माँ, आप अंदर बैठो न." वाईट हेतूनं नाही. ह्या वयात मुलांना घरापेक्षा बरोबरीची मंडळी जवळची होतात, हे शास्त्रात आहे आणि मी ते पुष्कळ आयांना समजावून सांगितलेलं आहे. रंभालाही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

परवा एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले होते. तेजराम रातपाळी करून झोपलेला. पुढच्या खोलीत चार मुली खिदळत होत्या, मथुराचा आवाज सगळ्यांत वर. रंभा मागच्या अंगणात एकटी तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी टेकले. म्हटलं, "काय गं एवढं बोलतात ह्या?"

"मले नाही समजत जी पुरतं," ती म्हणाली. "फट फट बोलतेत." मग म्हणाली, "पन आवाज त येते न घरात."

तिनं सूप पाखडलं. आत कोणी तरी मोठ्यानं हसलं, आणि रंभा तिकडं न बघता थोडी थांबली, ऐकण्यापुरती, मग पुन्हा खडे वेचू लागली.